निळं पातं

हे खरं आहे. लोकांना पटवून देणं मला कधीच जमलं नाही, म्हणून एकदाच सांगतो आणि पुढे जातो.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. सहा वर्षांपूर्वी, खिव्यात, उन्हाळ्याच्या चिल्ल्यात. त्या चाळीस दिवसांत दुपारी बारा ते चार आमच्या गावात कुत्रंही सावली सोडत नाही. आवाज म्हणून नसतो.

म्हणूनच तो आवाज इतका स्पष्ट ऐकू आला.

माझं नाव मतनियाज. माझे वडील रजब उस्ताद खांब आणि दरवाजे कोरायचे. त्यांचे हात मला मिळाले नाहीत. माझ्या हातात पटाशी दिली की लाकडापेक्षा मीच जास्त कापला जायचो. मी ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. पण वडिलांच्या अंगणात बसून बसून डोळा मात्र तयार झाला होता. जुनं हत्यार हातात घेतलं की मला सांगता यायचं, ते उजव्या हाताचं की डाव्या, त्यानं काय काम केलंय, मालक घाईचा होता की सबुरीचा.

त्यामुळे निवृत्तीनंतर संग्रहालयानं मला बोलावलं. सुतारांची जुनी हत्यारं पारखायची, गंज काढायचा, मुठी दुरुस्त करायच्या, कार्ड लिहायचं. जुन्या मदरशातली एक खोली दिली. एक दार, एक झरोका, एक कुलूप. किल्ली माझ्याकडे.

त्या सकाळी संग्रहालयाचा प्रमुख रुझमत एक पेटी घेऊन आला.

"घ्या मास्तर, तुमचे नातेवाईक आले! तुमच्यासारखेच गंजलेत."

त्याच्यामागे चाळिशी उलटलेली एक बाई होती. फुलाफुलांचा रुमाल, दमलेला चेहरा.

"सलाम काका. मी ओयजमाल. उरगेंचहून आले." ती थांबली. "एशजानची मुलगी."

मी चहाचा पेला खाली ठेवला. 

"बाबा वसंतात गेले," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना ओळखत होतात ना?"

"हो," मी म्हणालो. "थोडंफार."

थोडंफार! सात वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो.

एशजान माझ्या वडिलांचा शागिर्द. सगळ्यांत गुणी. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा तो बावीसचा.

आमच्याकडे शागिर्द आपणहून उस्ताद होत नाही. उस्तादानं चार पाहुण्यांसमोर त्याच्या कंबरेला शेला बांधायचा, शेल्यात हत्यारं खोवायची, आणि सगळ्यांनी हात उचलून दुवा द्यायची. त्यानंतरच त्यानं स्वतःच्या नावानं काम घ्यायचं. दुवा नसलेल्या हातचा खांब कुणी घरात उभा करत नाही. छप्पर डोक्यावर येईल म्हणतात.

रुझमत घाम पुसत म्हणाला, "पुढच्या महिन्यात उस्तादांचं दालन उघडतंय. हिला वाटतं, बापाचं नाव तिथं लागावं. मी म्हटलं, ताई, कागद आहे का? दुवेचा कागद नसतो म्हणे. मग साक्षीदार आण. मास्तर, रजब उस्तादांच्या घरातले आता तुम्हीच उरलात. तुम्ही कार्डावर 'उस्ताद' लिहिलं तर माझी हरकत नाही."

"आणि नाही लिहिलं तर?" ओयजमालनं विचारलं.

"तर मागच्या खोलीत. 'सुतारकामाची साधनं, मालक एशजान, खोके बनवणारा.'"

तिनं मान खाली घातली. दहा दिवसांनी येते म्हणाली.

मी पेटी उघडली.

आठ पटाश्या, लाकूड तासायला एक वाकस, आणि तळाशी कापडात गुंडाळलेला एक रंधा.

पटाश्या पाहून मी गोंधळलो. पाती निम्मी झिजलेली. नुसती धार लावून लावून झिजलेली, आरशासारखी. पण मुठींच्या माथ्यावर मोगरीचा एकही घाव नाही. एकही. म्हणजे या माणसानं पन्नास वर्षं पटाश्यांना धार लावली आणि काहीच कोरलं नाही.

फळांच्या खोक्यांना पटाशी लागत नाही. करवत आणि हातोडा पुरतो.

मग मी रंध्याचं कापड सोडवलं.

तो माझ्या पणजोबांचा रंधा होता.

पातं बाहेर काढायच्या आधीच मला माहीत होतं, काय दिसणार... तरी काढलं.

धारेच्या कोपऱ्यात नखाएवढा निळा डाग. पन्नास वर्षांत त्यानं त्या एका पात्याला धार लावली नव्हती. जसंच्या तसं ठेवलं होतं.

आता सांगायलाच हवं.

दुवेच्या दिवशी शागिर्दानं त्या रंध्याचं पातं स्वतः साणेवर धरायचं, आणि गुजुम लाकडाची फळी एका दमात रंधायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड वेटोळं निघालं पाहिजे. तुटलं की दुवा नाही. त्या सकाळी एशजान धार लावायला बसला आणि त्याच्या आईनं हाक मारली. तो उठून गेला. मी साणेपाशी बसलो.

मदत करायची म्हणून बसलो. निदान तसं मी स्वतःला सांगत आलोय. पण आदल्या रात्री वडील पाहुण्यांना म्हणाले होते, "मुलगा म्हणावा तर हा एशजान." तेही माझ्या कानात होतं. दोन्हींतलं कुठलं खरं, मला आजही कळलेलं नाही.

साणेवर पाणी टाकायचं असतं. मी टाकलं नाही. पातं तापलं, कोपरा निळा पडला. पात्याचं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. मी घाबरून ते रंध्यात बसवलं आणि घरात जाऊन पुस्तक उघडून बसलो. एशजान परतला तेव्हा पाहुणे आलेच होते. त्यानं रंधा तसाच उचलला.

दोन तृतीयांश फळी होईपर्यंत वेटोळं सुंदर निघालं.

मग धार दुमडली. कर्रर्र... आणि तुटलं.

वडिलांनी पातं काढून उन्हात धरलं. "लोखंड तहानलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला कळलं नाही. माझ्या आजोबांचं पातं जाळलंस."

एशजाननं माझ्याकडे पाहिलं.

त्याला कळलं होतं. पण उस्तादाच्या अंगणात, उस्तादाच्या पाहुण्यांसमोर, उस्तादाच्या मुलावर बोट कोण दाखवणार? तो गप्प राहिला.

मीही गप्प राहिलो.

"घेऊन जा तो," वडील म्हणाले. "जळकं हत्यार माझ्या घरात नको."

तो गेला. आणि पन्नास वर्षांनी त्याची पेटी पारखायला मी बसलो होतो.

मी काय केलं असेल?

निळा डाग काढून टाकला. जळकी कड घासून मागं नेली की पातं पुन्हा ठीक होतं, हे सुतारकाम शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. या वेळी मी पाणी टाकलं. थेंबाथेंबानं. अर्ध्या तासात डाग गेला. पातं लखलखीत. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं.

खोलीला कुलूप लावून मी अंगणात तुतीखाली चहा घ्यायला बसलो.

साडेबारा झाले असतील. सगळीकडे सामसूम...

आणि आत कुणीतरी रंधा मारला.

सर्रर्र...

लांब, एका दमाचा फटका. मी पेला धरून तसाच बसलो. आवाज पुढे गेला, पुढे गेला...

कर्रर्र.

तुटला.

दोन तृतीयांशावर.

मी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. मेजावरची धूळ हललेली नव्हती. जमिनीवर एक वेटोळं नाही, भुसा नाही. रंधा होता तिथेच होता.

मी पातं उचललं.

कोपऱ्यात निळा डाग होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घासलं. पुन्हा साडेबाराला तोच आवाज. पुन्हा निळं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पातं आखूड होत चाललं. डाग तेवढाच राहिला.

घरी बिबीजानला, माझ्या बायकोला, सांगितलं.

"म्हातारपणी कानात साण फिरायला लागली तुमच्या," ती म्हणाली. "तेल घाला. आणि जेवताना ते पातं हातात कशाला? भाकरी कापताय का त्यानं?"

मी पाहिलं. ते पातं माझ्या हातात होतं.

घरी आणल्याचं मला आठवत नव्हतं.

रुझमतला ऐकायला बोलावलं. तो साडेबाराला दहा मिनिटं कान लावून बसला.

"मास्तर, मला तुमच्या पोटाचा आवाज येतोय. चला, पुलाव खाऊ."

तो आत असताना काही आलं नाही. तो फाटकाबाहेर पडला...

सर्रर्र.

दहाव्या दिवशी ओयजमाल आली. बरोबर घरच्या भाकऱ्या आणि खरबूज. चुकून दुपारीच आली, बस लवकर मिळाली म्हणून. मी तिला आत नेलं नाही. तुतीखाली बसवलं. पातं सकाळीच रंध्यातून काढून पाण्याच्या वाडग्यात घालून ठेवलं होतं. पातंच नसेल तर आवाज कशाचा येईल, असा माझा हिशेब. दाराला कुलूप होतं.

"काका, पाहिलीत हत्यारं?"

"पाहिली. पटाश्या फार उत्तम राखल्यात."

"दर शुक्रवारी धार लावायचे. आई ओरडायची, अहो, वापरणार कधी? ते म्हणायचे, बोलावणं आलं तर धार नाही असं व्हायला नको." ती हसली. मग हसू गेलं. "उरगेंचला एकानं त्यांना खांब सांगितला होता. एकदाच. बाबांनी तीन महिने कोरला. मग त्या माणसाला कळलं की दुवा नाही. त्यानं तो फोडून तंदूरमध्ये घातला. आमच्यासमोर."

मी खरबुजाकडे बघत राहिलो.

"रंधा मात्र कधी काढला नाही त्यांनी. मी विचारलं की म्हणायचे, तो माझा नाही. आणि जाताना म्हणाले, मतनियाजला विचार. त्याला माहितीय." ती पुढे झुकली. "काका, काय झालं होतं त्या दिवशी?"

मी तोंड उघडलं.

खरंच उघडलं होतं. वाक्य जिभेवर होतं. पन्नास वर्षं मी ते मनात लिहीत आलो होतो, खोडत आलो होतो. एकच वाक्य होतं.

तेवढ्यात आत...

सर्रर्र...

ओयजमालनं मान वळवली. "काका, आत कोण काम करतंय?"

तिला ऐकू येत होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

कर्रर्र. तुटलं.

ती पांढरी पडली. "बाबा असेच... फटक्याआधी असा श्वास घ्यायचे. आत्ता ऐकलात ना तो श्वास?"

मी श्वास ऐकला नव्हता. मी इतके दिवस फक्त रंधाच ऐकत होतो.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "सांगा ना."

आतलं सगळं थांबलं होतं. कुणीतरी वाट बघत असावं तसं.

"मी लहान होतो गं," मी म्हणालो. "आठवत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बापासारखीच बघत राहिली.

"बरं काका."

आणि मग आत एक श्वास घेतला गेला. या वेळी मलाही ऐकू आला.

सर्रर्रर्र...

दोन तृतीयांश आलं. मी डोळे मिटले.

आवाज तुटला नाही.

पुढे गेला. टोकापर्यंत गेला, आणि टोकाला लाकडावरून रंधा सुटतो तसा हलका 'टक' झाला.

कुलूप मीच काढलं. 

वाडग्यात पातं होतं. पाण्याखाली. रंधा पात्याशिवाय मेजावर होता. खोलीत कुठेही फळी नव्हती.

जमिनीवर एक वेटोळं पडलं होतं. एकच. अखंड. कागदासारखं पातळ, फळीभर लांब. गुजुमचा वास खोलीभर पसरला होता.

ओयजमाल खाली बसली. ते दोन्ही हातांनी उचललं. ते अजून ऊबदार होतं. तिनं गालाला लावलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तिनं ते स्वतःच्या कंबरेभोवती शेल्यासारखं धरून बघितलं. बरोबर बसलं. तिनं ते न मोडता रुमालात ठेवलं, वाकस आणि आठही पटाश्या पेटीत भरल्या, आणि उठली.

"कार्ड?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"राहू द्या," ती म्हणाली. "साक्षीदार मिळाला. मी होते ना इथं."

"हा रंधा राहिला."

"तो त्यांचा नव्हता काका."

ती गेली. खरबूज तसंच राहिलं. मुंग्या लागल्या.

दालन उघडलं. त्यात एशजानचं नाव नाही. रुझमत म्हणाला, "बाई विचित्रच, इतकी मागे लागली आणि मग माल घेऊन गेली." मी काम सोडलं.

रंधा आमच्या घरी, मागच्या खोलीत, फळीवर आहे. पातं त्यात बसवलेलं आहे. मी त्याला हात लावत नाही. पण घरातल्या कशाला धार लावली, कितीही पाणी टाकलं, तरी कोपरा निळा पडतो. बिबीजान आता सुऱ्या शेजारी नेऊन देते.

उरगेंच इथून तासाभरावर आहे. ओयजमालचा पत्ता माझ्या वहीत आहे. दर शुक्रवारी बाहेरचे कपडे घालून मी फाटकापर्यंत जातो. मग आज ऊन फार आहे असं वाटतं, किंवा थंडी फार आहे असं वाटतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला हे सांगता आलं.

आणि मागच्या खोलीत आता तो आवाज येतो. सर्रर्र... आणि दोन तृतीयांशावर तुटतो. रोज. त्याचा फटका तर त्या दिवशी पुरा झाला होता. मग हा कुणाचा?

इतकी वर्षं फक्त मलाच ऐकू यायचा.

काल दुपारी बिबीजान पीठ मळताना थांबली. हात तसेच पिठात ठेवून तिनं मान वर केली.

"अहो, मागं कोण रंधा मारतंय?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"कोणी नाही," मी म्हणालो.

आणि आत ते तुटलं.