तिसऱ्या मजल्याचे पत्ते

इस्पितळाचं नेटवर्क नव्यानं बसवायचं काम मला मिळालं ते ताईच्या शब्दावर. ती तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची मुख्य नर्स. "माझा भाऊ करील," असं तिनं अधीक्षकांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

प्रत्येक मजल्याचं वेगळं सबनेट, म्हणजे नेटवर्कचा स्वतंत्र तुकडा, आणि यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर एकच, तळघरात. यंत्रानं पत्त्यासाठी मारलेली हाक मजल्याबाहेर जात नाही, म्हणून सर्व्हर कुठे आहे ते त्या त्या मजल्याच्या वायरी जिथे येतात त्या स्विचला सांगून ठेवावं लागतं. एका ओळीचं काम. तिसऱ्या मजल्याला तीच ओळ घालायची मी विसरलो.

हे कळलं ते सकाळी, अधीक्षक चारचौघांत माझी पाठ थोपटत असताना.

"सगळ्यात आधी तिसरा मजला सुरू झाला बरं का!" ते म्हणाले. ताईचा चेहरा फुलला होता. मी लॅपटॉपमध्ये डोकावलो. आमच्या सर्व्हरनं त्या मजल्याला एकही पत्ता दिला नव्हता. तरी रुग्णांची नाडी मोजणाऱ्या प्रत्येक मॉनिटरकडे पत्ता होता आणि तोही बिनचूक.

तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी नुसता हसलो. स्वतःची लाज वाटली, पण हसलो.

कुणीतरी घरचा राउटर आणून जोडला असणार आणि तोच पत्ते वाटत असणार, अशी मनाची समजूत घालून मी शोधायला निघालो. पत्ते स्विचच्या ज्या पोर्टमधून येत होते, तो सापडला. त्यात वायरच नव्हती. तोंडाशी धूळ साचलेली. बोट लावलं तर आतून ऊब लागली.

मी राहिलेली ओळ चोरासारखी घालून टाकली. काही बदललं नाही.

"अरे, जरा इकडे ये," ताईनं हाक मारली.

तिच्या टेबलावरच्या पडद्यावर सगळ्या रुग्णांची नाडी दिसत होती. कोपऱ्यातला पलंग रिकामा होता, त्याचा मॉनिटर कालच दुरुस्तीला गेला होता. त्याच्याही चौकटीत हिरवी रेघ उड्या मारत होती.

"हे कुणाचे ठोके?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या चौकटीतला ठोक्यांचा आकडा चढला.

टेबलाखाली मी स्वतःचं मनगट चाचपलं. ठोक्याला ठोका जुळत होता.

अधीक्षक मागे येऊन उभे राहिले. "सगळं नीट तपासलंयस ना रे?" ताईनं हळूच विचारलं.

"हो ताई. सगळं मीच केलंय."

अलार्म वाजला. ताई सवयीनं रिकाम्या पलंगाकडे धावली.