तिरकी रेघ

"सात!" भोपळा ओरडला. "सात सेंटिमीटर. म्हणजे अंडी सातने महागली."

"भाव आठवडाभर हललेलासुद्धा नाही," वकील म्हणाली. "रेघ सरळ आडवी आहे. डोळे आहेत की बटणं?"

सुटीचा पहिलाच दिवस होता. अंड्यांच्या घाऊक बाजारातून आजोबांचं स्टूल घरी न्यायला आजीने तिघांना पाठवलं होतं. भोपळ्याला हे नाव गणितातल्या गुणांनी मिळवून दिलं होतं. शेजारची वकील वाद घालायला लागली की श्वास घ्यायची विसरायची. भोपळ्याची ताई म्हणजे पट्टी. आजोबांनी दिलेली लाकडी पट्टी तिच्या दप्तरातून कधी बाहेर राहत नसे, म्हणून ती पट्टी. आज मात्र ती लाकडी पट्टी भोपळ्याच्या हातात होती. तिला स्वतःला भिंतीवरच्या भावाच्या आलेखाकडे बघवत नव्हतं.

तीस वर्षं तो आलेख आजोबांनी काढला. सेंटिमीटरचे चौकोन: एक चौकोन आडवा म्हणजे एक दिवस, एक चौकोन उभा म्हणजे भावातला एक रुपया. चार महिन्यांपूर्वी बाजाराचे नवे साहेब आले आणि चाळीस व्यापाऱ्यांसमोर गरजले, "वहीत भाव पाचने चढलाय, तुमची रेघ किती लांब आहे?" पट्टी त्या दिवशी आजोबांचा डबा घेऊन आली होती. साहेब तिला म्हणाले, "मोज बरं, मुली." तिने ऐटीत मोजलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "तेरा." आजोबांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली: 'खोटी रेघ काढल्याबद्दल कामावरून कमी.' ती वाचून आजोबा फाटकातूनच परत फिरले. महिन्याभरात ते गेले. त्यांना आपल्या तोंडचा आकडा लागला, असं पट्टीला वाटे, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पुन्हा सांग," ती भोपळ्याला म्हणाली. "भाव हलला नाही, तरी रेघ सात?"

"मग? सात दिवस झाले ना."

पट्टी पहिल्यांदाच भिंतीकडे वळली. वकिलीणबाईंनी आता आलेख काढणाऱ्या कारकुनाकडे चार महिन्यांपूर्वीचा कागद मागितला. त्याने मान वर न करता कपाटातली गुंडाळी काढून दिली. असल्या बेफिकीर माणसांचाही कधीकधी उपयोग होतो.

तिघांनी कागद फरशीवर पसरला. चढाची रेघ सुरू होते तिथपासून पट्टीने आडवे चौकोन मोजले, बारा. मग उभे मोजले, पाच. काटकोन त्रिकोण! चारच आठवड्यांपूर्वी बाई वर्गात हेच शिकवत होत्या आणि ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

"बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस," ती हळू आवाजात म्हणाली, "पाचाचा पंचवीस. मिळून एकशे एकोणसत्तर. तेराचा वर्ग."

"म्हणजे रेघ तेराच," भोपळा म्हणाला.

"रेघ तेरा. भाव पाच. आजोबांचं सगळं बरोबर होतं." आणि ती तिथेच, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेंवर बसून रडायला लागली. भोपळ्याने तिला आपला रुमाल दिला. तो स्वच्छ नव्हता, पण तिने घेतला.

अंड्यांचा लिलाव संपताच वकील त्या नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, या आठवड्यात भाव किती चढला?"

"अजिबात नाही. का गं?"

"मग ही रेघ मोजता का? तुमच्या रीतीने."

साहेबांनी हसत पट्टी लावली आणि त्यांचं हसू तिथेच विरलं. सात. व्यापारी जवळ सरकले. पट्टीने जुना कागद वर धरला आणि बारा, पाच, तेरा एकेका चौकोनावर बोट ठेवून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही रेघेने चाललेली वाट मोजलीत, साहेब. चढ मोजायचा होता. आणि मीही तेच केलं."

एक म्हातारा व्यापारी पुटपुटला, "तीस वर्षं आम्ही नुसत्या नजरेने वाचत होतो. त्या दिवशी एकाचीही जीभ हलली नाही."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, फाटकावर अजून असलेली नोटीस स्वतः फाडली आणि पट्टीच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास, पोरी. तुझ्या आजोबांची माफी मागायला हवी होती." टाळ्या वाजल्या. पट्टीला त्या नकोशा झाल्या.

निघताना कारकुनाने स्टुलाबरोबर खणात राहिलेली आजोबांची वही दिली. शेवटच्या पानावर त्याच दिवशीची तारीख होती. खाली छोटा काटकोन त्रिकोण आणि बारीक अक्षर:

'पोरीने अचूक मोजलं. चारचौघांत तिला खोटं पाडायचं नाही. उद्या साहेबांना एकांतात समजावणे. सुटीत तिला त्रिकोण शिकवणे.'

पट्टीने ते तीनदा वाचलं. मग वही वकीलकडे दिली आणि आजोबांचं स्टूल एकटीने उचललं. भोपळा मदतीला आला, तर तिने मान हलवली.

"सुटी लागली, आजोबा," ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली.