मनगटावरची जाळरेषा

"दाहांक एकतीस. काळजीचं कारण नाही," असं फोननं हर्षदाला सकाळी सात वाजता मोठ्या गोड आवाजात सांगितलं, आणि संध्याकाळी पाचच्या आत तिच्या उजव्या कोपरावर लिंबाच्या फोडीएवढा चट्टा उठला.

हर्षदानं फोनला एक सणसणीत शिवी हासडली. फोन शहाणा होता, तो गप्प राहिला.

हर्षदा भुयार जन्मांध. वय चौतीस. अमरावतीच्या ब्रेल छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. राज्यातल्या अंध मुलांच्या हाती पडणारं गणिताचं प्रत्येक पुस्तक आणि भूगोलाचा प्रत्येक नकाशा आधी तिच्या उजव्या तर्जनीखालून जायचा. त्या बोटातून एक ठिपका निसटला, असं बारा वर्षांत घडलं नव्हतं. या गोष्टीचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

तितकीच वर्षं तिच्या अंगावर सोरायसिस होता. गेलं दीड वर्ष एका गोळीनं तो मुकाट बसून होता, पण त्या गोळीनं यकृताला त्रास द्यायला सुरुवात केली आणि ती बंद करावी लागली. नवं इंजेक्शन आलं होतं, फार गुणाचं होतं, पण जुनं औषध शरीरातून पुरतं उतरल्याशिवाय ते देता येत नव्हतं. त्यासाठी सहा आठवडे हवेत. या मधल्या काळाला त्वचारोगतज्ज्ञ डॉ. इम्तियाज काझी 'धुवणकाळ' म्हणत. सहा आठवडे जुनं औषध नाही, नवं नाही आणि आजार मात्र मोकाट. आज त्याचा अकरावा दिवस होता.

चट्ट्यांना हर्षदा भीत नव्हती. खाज, कोंडा, बसमधल्या बायकांचं जरा सरकून बसणं, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. भीती एकाच गोष्टीची होती. दोन वर्षांपूर्वी आजार बोटांच्या टोकांपर्यंत उतरला होता. कातडी जाड झाली, भेगाळली, आणि पाच महिने ब्रेलचे ठिपके तिला कापसासारखे लागत होते; तेवढे दिवस ती रजेवर होती. डोळे नसल्याचं दुःख तिला कधीच झालं नव्हतं. जे नव्हतंच त्याचं काय? पण त्या पाच महिन्यांत ती खरी आंधळी झाली होती. पुन्हा तसं झालं तर बोटं या वेळी परत येतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून तर दवाखान्यानं तिला 'चाहूलसदरा' दिला होता. पातळ, गळ्यापासून घोट्यांपर्यंत अंगाला चिकटून बसणारा, हातात बोटांच्या पेरांपर्यंत आलेला. त्याचे धागे कातडीची ऊब, ओल आणि दाह सुरू होण्याआधी सुटणारी सूक्ष्म रसायनं मोजत. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघे, तोच दाहांक. दाहांक साठच्या वर गेला की चट्टे येणार, एवढं सोपं गणित. आज ते गणित सपशेल चुकलं होतं.

"सरासरीची खोड!" हर्षदा पुटपुटली. अख्ख्या अंगाचा मिळून एक आकडा, म्हणजे अख्ख्या नकाशाचा मिळून एक ठिपका. असा नकाशा तिनं छापायला सोडला असता का?

आणि त्या विचारासरशी ती ताडकन उठून बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. छापखान्यात एक उठावपाटी होती. दोन वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या तर होईल एवढी, आठ हजार बारीक खिळ्यांची. संगणकातला नकाशा तिच्यात घातला की खिळे वरखाली होत आणि डोंगर, नद्या, किनारे हाताला लागत. हर्षदानं गोदावरीचं खोरं पाटीवरून उतरवलं आणि तिथं स्वतःचा सदरा जोडला. आकडा नको, ती फोनला म्हणाली, धाग्याधाग्याचं कच्चं मोजमाप दे.

पाटी खडखडली. खांदा उठला, दंड उठला, कोपर. हर्षदा खुदकन हसली. स्वतःच्या आकाराची एवढी अख्खी ओळख तिला पहिल्यांदाच होत होती, आणि दंड तिच्या समजुतीपेक्षा जाडच निघाला.

मग तिची बोटं थबकली.

कोपराच्या खाली, चट्टा नव्हता तिथं, खिळे थरथरत होते. अगदी हलकं. दुसऱ्या कुणाला ते पाटीचं कुरकुरणं वाटलं असतं. पण नकाशा तपासायची हर्षदाची एक पद्धत होती. डावी तर्जनी रेघेच्या सुरुवातीला रोवून ठेवायची आणि उजवीनं पुढं जायचं. तशी दोन बोटं ठेवल्यावर तिला कळलं, की थरथर आधी डाव्या बोटाला लागते आणि मग उजव्या. ती एका जागी नव्हती. ती चालत होती. कोपराकडून खाली.

हर्षदाच्या अंगावर काटा आला, आणि पाटीनं तोही इमानेइतबारे उठवून दाखवला.

"डॉक्टर, तीन दिवसांनी माझ्या कोपराखाली चार बोटांवर चट्टा येणार," तिनं फोनवर सांगितलं. तीन दिवसांचा हिशेब तिनं सदऱ्याच्या साठवणीतूनच काढला होता. कोपरावरची थरथर चट्ट्याच्या तीन दिवस आधीची होती.

"हर्षदाताई, माझ्या पडद्यावर तिथं सगळं शांत आहे."

"तुमचा पडदा थरथर दाखवतो का?"

"ती गाळून टाकतो. धागे हलतात, घाम येतो, त्याचा तो गोंगाट असतो. म्हणून तासाची सरासरी घेतात."

"म्हणजे तुम्ही चहा ओतून देताय आणि चोथा तपासताय!"

डॉक्टर मोठ्यानं हसले. माणूस दिलखुलास होता, पण शास्त्राचा पक्का. "तीन दिवस थांबू. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

पंधराव्या दिवशी चट्टा आला. कोपराखाली बरोबर चार बोटांवर. डॉक्टर त्या दिवशी दवाखान्यातले रुग्ण आटोपून थेट छापखान्यात आले, आणि उठावपाटीपुढं बसून दहा मिनिटं स्वतःची बोटं फिरवत राहिले. त्यांना काहीही कळलं नाही.

"मला नुसती मुंग्यांची धावपळ लागतेय," ते म्हणाले. "ताई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय शोधलंय? हा आजार कुठून कसा पसरतो हे कुणालाच माहीत नाही. आम्ही चट्टा उठल्यावर धावतो. तुम्ही तो येताना पकडलात!"

"ते खरं, पण तो आता कुठं आलाय ते विचारा." हर्षदाचा आनंद एवढ्यातच आटला होता. "वेग वाढलाय, दिवसाला दोन बोटं खाली येतोय. मनगटाला तीन बोटं उरलीत. पुढं तळवा आणि मग..."

तिनं उजवी तर्जनी डाव्या मुठीत घट्ट धरली.

डॉक्टरांकडं एक जालीम मलम होतं, पण धुवणकाळात ते आठवड्याला सुपारीएवढंच वापरता येणार होतं. अख्ख्या हाताला फासलं तर रक्तात उतरणार, आणि सहा आठवडे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावे लागणार. चट्ट्यावर लावून उपयोग नव्हता, कारण आजार चट्टा मागं टाकून केव्हाच पुढं गेलेला असायचा. संध्याकाळी घरी तिनं हे सगळं वडिलांना सांगितलं. नामदेव भुयार मेळघाटातले निवृत्त वनरक्षक. जेवता जेवता त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला.

"मंग त्या डाक्टरले इस्त्याच्या, आगीच्या मांगं धावाले कोनं सांगतलं?"

"म्हणजे?"

"जंगलात आग लागली का आमी तिच्या मांगं नाई पळत, बाई. तिच्या पुळं जातो. जिथं ते अजून आलीच नाई, तिथं आडवा पट्टा साफ करून ठेवतो. जाळरेषा म्हंतेत तिले. आग तिथं येते, खायाले काईच भेटत नाई, का ते आपोआप मरते. फकस्त आग कुठून येऊन राह्यली ते मालूम पाह्यजे."

हर्षदा ताटावरून तशीच उठली आणि खरकट्या हातानं डॉक्टरांना फोन लावला.

"निरोगी कातडीला औषध?" डॉक्टर चाचरले. "जिथं आजार नाही तिथं मलम लावायला मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलेलं नाही."

"पुस्तक मी वाचून दाखवते, डॉक्टर. तुम्ही लावा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, छापखाना बंद होता. पाटीपाशी तिघंच बसली होती. डॉक्टरांनी हर्षदाच्या मनगटाभोवती बांगडीसारखा अर्धं बोट रुंद मलमाचा पट्टा ओढला आणि सदऱ्याची बाही वरून नीट बसवली. उरलेलं मलम चिमटीभर होतं. थरथर आता मनगटाच्या एक बोट वर होती. नामदेवरावांनी थर्मासमधून चहा ओतला आणि कुणीच तो प्यायलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास थरथर पट्ट्यापाशी आली.

"थांबली," हर्षदा म्हणाली. "बाबा, खरंच थांबली! आता जागच्या जागी फिरतेय. आडवी पसरतेय, पट्ट्याच्या कडेकडेनं."

"वाट पाहून राह्यली ते," नामदेवराव म्हणाले. "आता भोक शोधीन. डोया ठेव... हात ठेव तिच्यावर."

दोन तास गेले. चार गेले. हर्षदाची दहाही बोटं पाटीवर होती, आणि एकाएकी उजव्या करंगळीखाली एक खिळा हलला. पट्ट्याच्या पलीकडं! पाठोपाठ दुसरा.

"निसटली! अंगठ्याच्या बाजूनं, सुतासारखी बारीक. डॉक्टर, बाहीची शिवण कुठं आहे?"

डॉक्टरांनी बाही वर केली. "शिवणीखालीच. मलम पुसलं गेलंय इथं."

"आता मागं नका जाऊ! तिच्या पुढं लावा. अंगठ्याच्या बुडाशी. थोडं खाली... अजून गव्हाच्या दाण्याएवढं खाली. हां, तिथंच! आडवं ओढा."

चिमटीतलं मलम संपलं. बाही पुन्हा खाली आली. हर्षदानं डावी तर्जनी फटीपाशी ठेवली, उजवी नव्या रेघेपाशी. डाव्या बोटाला थरथर लागत होती. उजव्या बोटाला काहीच नाही. मग डावीकडची मंदावली, अडखळली, एकदा उसळली आणि थांबली. थोड्या वेळानं पट्ट्यावरचीही विझत गेली. खिळे एकामागून एक खाली बसले.

"मेली," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. नामदेवरावांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. डॉक्टर छापखान्याच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसून मोठमोठ्यानं बोलत होते, कुणाशी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तीन दिवस गेले, चार गेले. तळव्यावर काही उठलं नाही. उरलेल्या धुवणकाळात हर्षदानं थरथरीच्या आणखी पाच लाटा पकडल्या, तीन मारल्या, आणि पाठीवर आलेल्या दोन मुद्दाम येऊ दिल्या, कारण मलम तर्जनीसाठी राखायचं होतं. बेचाळिसाव्या दिवशी नवं इंजेक्शन टोचलं तेव्हा सकाळीच तिनं दहावीच्या भूमितीची चौसष्ट पानं तपासली होती आणि त्यात तीन चुका काढल्या होत्या.

त्यानंतर पंधरवड्यानं डॉक्टर दवाखान्यातला दुसरा सदरा अंगात घालूनच छापखान्यात आले. त्यांचा उत्साह नुसता उतू जात होता. तिनं वाचलेल्या खुणा आता यंत्राला शिकवायच्या होत्या, दहा अंध वाचक तयार करायचे होते, राज्यभरातून लोकांची पत्रं आली होती.

"पण आधी तुलना हवी," ते म्हणाले. "निरोगी कातडी कशी लागते हे तुम्ही कधी वाचलेलंच नाही. म्हणून हा मीच. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला साधं गजकर्ण नाही. गेंड्याचं कातडं आहे, ताई!"

"ते वाचल्यावर कळेल," हर्षदा हसून म्हणाली आणि पाटी चालू केली.

खरोखरच सुरेख कातडी होती. खांदे शांत, छाती शांत, दोन्ही हात लख्ख शांत. तिनं बोटं सरळ खाली नेली. मांडी, गुडघा. डाव्या गुडघ्याखाली ती थांबली. डावी तर्जनी तिथंच रोवली आणि उजवी एक बोट पुढं ठेवली.

आधी डाव्या बोटाला लागलं, मग उजव्या.

फार हलकं होतं. तिच्या स्वतःच्या लाटांच्या मानानं काहीच नाही. तीन दिवसांत जागं होणारं हे नव्हतं. कदाचित वर्षानं होईल, कदाचित वीस वर्षांनी. कदाचित कधीच नाही. कुणी कुणाच्या अंगात हे इतक्या आधी वाचलंच नव्हतं, तेव्हा सांगणार कोण? ती बावीस वर्षांची असताना एका डॉक्टरनं खुर्चीतून न उठता तिला सांगितलं होतं, की हे आता जन्मभर राहील. त्या दिवशी घरापर्यंतची वाट तिला सापडली नव्हती. आणि तरी, तिची बोटं वाचली ती तीन दिवस आधी कळलं म्हणूनच. ज्याला वीस वर्षं आधी कळेल, त्याचं काय काय वाचेल?

"काय ताई?" डॉक्टर उत्सुकतेनं पुढं झुकले. "आहे ना सगळं शांत?"

हर्षदानं बोटं पाटीवरून उचलली नाहीत.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला खरं ऐकायचंय?"