टोकाच्या कॉटेजमधली बाई

हिवाळ्यात आमच्याकडे कोणी येत नाही. पाहुणे येतात ते उन्हाळ्यात, पोरांना तळ्यावर सोडून झाडाखाली आडवे व्हायला. थंडी पडली की तळ्यावर सकाळी धुकं बसतं ते दुपारपर्यंत उठत नाही, आणि रस्त्यावर दिवसाकाठी एखादी दुधाची गाडी दिसली तर दिसली. लोकांना वाटतं, यांना आता काय काम, बसून खात असतील. पण एकदा बंद घरं राखून बघा. गाद्या उभ्या करा, पडदे काढा, चादरींच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाका, फ्रिजची दारं उघडी ठेवा. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून पाइपातला थेंब न् थेंब काढा. एवढं करून रोज फेरी मारायची ती वेगळीच, कारण उंदीर आणि ओल यांना सुट्टी नसते.

या कॉटेजेस माझ्या मोठ्या दिरांच्या. ते शहरात राहतात आणि फोनवर बुकिंग घेतात. माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा भावजी म्हणाले, "इथे या, घरचंच आहे, सांभाळा." आम्ही वसंतात आलो. म्हणजे मी सांगतेय तो आमचा इथला पहिलाच हिवाळा.

सगळ्यात लांबची कॉटेज तळ्याच्या वळणावर आहे. तिला आम्ही टोकाची म्हणतो. लाकडं जाळायची लोखंडी शेगडी फक्त तिथेच आहे. ती मी सगळ्यांच्या आधी बंद केली, खिडक्यांच्या कड्या स्वतःच्या हातांनी लावल्या. दुसऱ्या दिवशी उंदराचे सापळे बघायला गेले तर झोपायच्या खोलीची खिडकी सताड उघडी. आत सगळी ओल. पुसून ठेवलेली फरशी ओली, गादीला दमट वास.

मी तरातरा घरी आले. नवरा पंपाशी खटपट करत बसला होता.

"अहो, ती खिडकी तुम्ही उघडलीत?"

"मी कशाला उघडू? मला काय उकडतंय?"

पुढच्या फेरीला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या फेरीला तर दोन खिडक्या. मला भीती वगैरे काही वाटली नाही, हे आधीच सांगते. मला राग आला. कुणीतरी फुकटात आत येऊन राहतंय, आणि मी त्याची मोलकरीण असल्यासारखी मागून आवरत फिरतेय, असंच वाटलं. मी कडीला तार गुंडाळली, पकडीने पिळून. सकाळी खिडकी उघडी होती. तार सोडवून, तिचं नीट वेटोळं करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं होतं. मोडतोड नाही, काही नाही. अशी शिस्त बघून तर माझं डोकंच फिरलं.

लाकूडवाला आला तेव्हा मी त्यालाच धरलं. तो या भागातला जुना माणूस, सगळीकडे फिरणारा.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "मी तिथे लाकूड टाकतो तेसुद्धा कुंपणाशी. दारापर्यंत जात नाही."

"का? पाय दुखतात?"

"दम लागतो तिथे." त्याने माझ्याकडे न बघताच मोळी खाली टाकली. "रिकाम्या हातांनी गेलो तरी लागतो."

मला वाटलं, कामचुकारपणाची नवी तऱ्हा.

मग एका दुपारी, चांगल्या उजेडात, मी टोकाच्या कॉटेजचं दार उघडून आत गेले आणि थबकले. दाराच्या खालच्या फटीजवळ, थंडगार फरशीवर, बशीएवढा दमट डाग होता. आरशाशी तोंड नेऊन श्वास सोडला की जसा डाग पडतो, तसा. मी बघत असताना तो कडेकडेने आटत गेला, पार बोराएवढा झाला... आणि पुन्हा पसरला. पुन्हा आटला. कोणीतरी जमिनीवर पालथं पडून, दाराच्या फटीला तोंड लावून बाहेरची हवा ओढत असावं, तसं. आत गार राखेचा वास होता. शेगडी मी स्वतः घासून ठेवलेली होती.

मी दार ओढून घेतलं आणि चालत परत आले. धावले नाही. पण त्या दिवशी खिडकी लावायला विसरले.

भावजींना फोन केला तर ते हसले. "थंडीत एकटं राहिलं की माणसाला भास होतात. बरं ऐक, दोन पाहुणे पाठवतोय. एक नर्सबाई आणि तिचे वडील. टोकाची दे त्यांना, शेगडी आहे तिथे."

"भावजी, त्या घरात काहीतरी आहे. निदान शेगडी कोणाकडून तरी तपासून घेऊ या."

"शेगडी उत्तम आहे," ते म्हणाले. त्यांचं हसू एकदम थांबलं. "तू फक्त चादरी घाल."

चादरी घाल! मला हे शब्द इतके लागले की मी रागारागाने त्या कॉटेजचा कोपरा न् कोपरा घासून काढला.

ते दोघे दुपारी आले. नर्सबाई तिशीतली, डोळ्यांखाली काळं, कित्येक महिन्यांत रजा न मिळालेली. वडील बसचे निवृत्त ड्रायव्हर, बोलके. "आयुष्यभर हिने लोकांना झोपवलं," ते मला म्हणाले, "आता मी हिला झोपवायला आणलंय." मी शेगडी पेटवून दिली, खिडक्या लावल्या, आणि आमच्या घरी येऊन स्वयंपाकाला लागले.

दिवेलागणीला त्यांचा डबा घेऊन निघाले. वळणावरून बघते तर टोकाच्या कॉटेजच्या सगळ्या खिडक्या उघड्या, झडपा भिंतीला टेकलेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं लाकूड जाळायचं आणि खिडक्या उघड्या टाकून बसायचं? चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून मी दार ढकललं.

म्हातारे खुर्चीत मान टाकून पडले होते. चेहरा तापल्यासारखा लाल. नर्सबाई खिडकीखाली जमिनीवर बसली होती आणि कट्ट्याला धरून उठायचा प्रयत्न करत होती. "बाबांना... बाहेर," एवढंच म्हणाली. मी डबा टाकला. काखेत हात घालून म्हाताऱ्यांना ओढत दारापर्यंत आणलं, नवऱ्याला हाका मारल्या. तो आला, मग डॉक्टर आले. दोघेही वाचले.

आमच्या स्वयंपाकघरात, घोंगडी गुंडाळून बसलेली असताना, ती हळूच मला म्हणाली, "तुमच्याकडच्या त्या बाई फार रागावल्या हो आमच्यावर."

"कुठल्या बाई?"

"त्याच... खिडक्या उघडत होत्या त्या. मी झोपेत होते. मला दंडाला धरून हलवलं. झोपू नका म्हणाल्या. इथे झोपायचं नाही."

माझा नवरा चुलीशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"इथे आम्ही दोघंच असतो," मी म्हणाले.

मग तिच्यातली नर्स जागी झाली असावी. "शेगडीचा विषारी वायू होता तो," ती म्हणाली. "त्याला वास नसतो. माणूस नुसता झोपून जातो. त्या खोलीत हवा यायला झरोका कुठे आहे?"

नवरा विजेरी घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याच्या नखांत चुना होता. पलंगामागे, जमिनीलगत झरोका होता. विटा घालून बुजवलेला, आणि वरून रंग.

भावजी सकाळीच हजर झाले. पाहुण्यांची विचारपूस राहिली बाजूला. आम्ही डॉक्टरांना बोलावलं म्हणून ते आमच्यावरच चिडले होते. "बोभाटा कशाला केलात? एखादी गोळी देऊन भागलं असतं."

"दादा," माझा नवरा म्हणाला, "झरोका कोणी बुजवला?"

"मी. गार वारा येतो म्हणून लोक कुरकुर करायचे."

"आणि त्या घरात आधी काय झालं होतं?"

मोठ्या भावापुढे माझा नवरा कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. पण प्रश्न मागेही घेतला नाही. मग भावजी म्हणाले, "एक बाई होती. एकटीच आली होती. तुम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्यात. झोपेत गेली. हृदय कमजोर असेल."

"कुठे सापडली?" मी विचारलं.

"दाराशी."

"दाराशी कशी? झोपेत गेली म्हणता ना?"

ते कोटाची बटणं लावू लागले. मला फरशीवरचा तो दमट गोल आठवला. भीती नाही, संतापच आला. या माणसाला तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी त्याने झरोका उघडला नाही, कारण उघडला असता तर तो बुजवला होता हे कबूल करावं लागलं असतं. आणि त्यावर मला सांगतो, चादरी घाल.

"भावजी, तुम्ही माणूस मारलात," मी म्हणाले. "आणि काल आणखी दोन मारत होतात, माझ्या हातून."

"तोंड सांभाळ. शेगडीत काही दोष नाही. मी बसून दाखवतो, मग बोल."

नवऱ्याने त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. अंगणातून टोकाच्या कॉटेजकडे जाणारी त्यांची पाठ मला अजून दिसते. ताठ, नवा कोट घातलेली. धुराड्यातून धूर निघाला. "थोडा वेळ बसू दे," नवरा म्हणाला, "मग मीच ओढून आणतो." तो सरपणाकडे गेला. मी ओट्यावर उभी राहून बघत होते.

खिडक्या उघडल्या. रोजच्यासारख्या, एकेक करून, सगळ्या. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. म्हटलं, ती त्यांनाही बाहेर काढतेय.

मग त्या एकेक करून लागल्या. घाई नाही, आपटणं नाही. संध्याकाळी घरची बाई लावते तशा.

मी धावले. दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, तरी ते हलेना. आतून कोणीतरी पाठ लावून बसलंय असं वाटत होतं, कारण खांद्याने रेटलं की ते किंचित जायचं आणि मऊपणे परत यायचं. आत भावजींचा आवाज नव्हता. मी वाकले, कान लावला. दारापलीकडे, अगदी खाली, जमिनीलगत, बाईमाणसाचा आवाज आला. रागाचा नव्हता, दमलेला होता.

"थांबा..." ती म्हणाली. "थोडंच राहिलंय..."

आणि माझा हात दारावरून खाली आला. किती वेळ तशी उभी होते ते मला सांगता येणार नाही. तिचा राग माझ्याच पोटातून उठल्यासारखा वाटत होता, आणि त्यात चुकीचं असं मला काही सापडत नव्हतं.

नवरा कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा त्याने मला बाजूला सारलं. खिडकीची काच फोडली, आत उडी मारली आणि दार आतून नुसतं ओढलं. ते सहज उघडलं. दाराशी कोणीच नव्हतं. भावजी पलंगाजवळ पालथे होते, तोंड त्या बुजवलेल्या झरोक्याला लावलेलं, बोटं रक्ताळलेली. जिवंत होते.

इस्पितळातून सुटल्यावर त्यांनी पोलिसांना सगळं सांगितलं. म्हणजे नवऱ्याने सांगायला लावलं, शेजारी उभं राहून. आम्ही झरोका फोडून मोकळा केला, शेगडी काढून भंगारात दिली. टोकाच्या कॉटेजच्या खिडक्या त्यानंतर मी जशा लावते तशाच राहतात. लाकूडवाला आता दारापर्यंत येतो आणि पायरीवर बसून बिडी ओढतो. मला वाटलं, संपलं. तिला हवं ते मिळालं.

परवा दुपारी माझ्या जाऊबाईंचा, भावजींच्या बायकोचा, फोन आला. आवाज इतका खाली की मला आधी लाइनच खराब वाटली.

"अगं, ती जी बाई गेली तुमच्याकडे... ती एकटीच होती ना?"

"भावजी तसंच म्हणाले. पोलिसांच्या कागदातही तसंच आहे. का हो?"

"जामिनावर घरी आल्यापासून हे झोपेत बोलतात. रोज. आवाज यांचा नसतो." पलीकडे कुठेतरी दार लागल्याचा आवाज आला. "एकच विचारतात सारखं... माझी मुलगी कुठे ठेवलीत म्हणून."

मी भावजींना फोनवर बोलवायला सांगितलं. ते आले. मी सरळ विचारलं, तिच्याबरोबर कोणी लहान मूल होतं का.

त्यांनी आवाज खाली आणला.

"तळ्याकडे जाऊ नका," ते म्हणाले आणि फोन ठेवला.