पेजरवरची दुसरी ओळ

देवापुढे निरांजन लावलं की मी फोनपाशी बसायची. काम अगदी साधं. पेजरच्या कंपनीत फोन करायचा, नंबर सांगायचा आणि ऑपरेटर मुलीला म्हणायचं, "लिखो बेटी… ईशानी, दवा खा लो." ती लिहिलेलं परत वाचून दाखवायची, मी "हां" म्हणून फोन ठेवायची, की निरोप गेला.

ईशानी म्हणजे समोरच्या नीलकंठरावांची मुलगी. अकरावीत होती. आई लहानपणीच गेली, वाढवलं ते आत्यानं. पोरीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा लखनौला नेऊन बसवली ती किडनीही आत्याचीच. देवयानी नाव तिचं, नीलकंठरावांची थोरली बहीण, विधवा. ऑपरेशनला वर्ष व्हायच्या आत ती तापानं गेली. किडनी दिल्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले खरे.

पोरीला डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चुकल्या की शरीर दुसऱ्याची किडनी ठेवून घेत नाही. आता दुर्गाघाटाची गल्ली ही एवढीशी. मी खिडकीतून "गोळी घेतलीस का गं?" म्हटलं की कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळायचं. ईशानी चिडायची. "काकू, तू मंदिरावर लाउडस्पीकरच लाव ना!" म्हणून नीलकंठरावांनी पेजर आणला. त्यांच्याकडे फोन नव्हता, बँकेतून यायला उशीर व्हायचा, आणि संध्याकाळी ती कोचिंगला. तेव्हा हे काम मी मागून घेतलं. लोकांच्या घरात डोकावायची सवय आहे मला, ती कधी नव्हे ती कामाला आली.

चैत्रात ईशानीचा चेहरा सुजायला लागला. रक्ताचा रिपोर्ट बिघडला. नीलकंठराव दारातूनच म्हणाले, "वहिनी, निरोप जातो ना रोज?"

"जातो म्हणजे? न चुकता जातो."

मी तशीच समोर गेले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीखाली गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली.

"अगं, जीव द्यायचाय का?"

तिनं पेजर माझ्या हातात दिला. इंग्रजी अक्षरं मला जुळवून जुळवून वाचावी लागतात. पहिली ओळ माझीच होती. तिच्याखाली आणखी एक होती, चक्क मराठीत.

गोळी घेऊ नकोस. माझं मला परत दे.

"रोज येते," ईशानी म्हणाली. "तिचंच आहे ना काकू ते… मी नाही कसं म्हणू?"

ती ओळ कोण धाडतं ते बघायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेकीला मी माझ्याकडे बसवून घेतलं. दिवे गेले होते. निरांजनाची वात तेवढी हलत होती. मी फोन लावला, निरोप सांगितला आणि आज फोन न ठेवता तसाच धरून राहिले. खोली इतकी गप्प होती की रिसीव्हरमधला तो कोवळा आवाज तिघांनाही ऐकू येत होता.

"और पीछेवाली माताजी का भी लिख दूँ ना? रोज लिखती हूँ…"

"कौन माताजी?"

"जो आपके पीछे से बोलती हैं। मराठी है शायद, मैं तो जैसा सुनती हूँ वैसा टाइप कर देती हूँ।"

माझ्या मागे भिंत होती. भिंतीला टेकून मी बसले होते… आणि तिथूनच महानारायण तेलाचा वास येत होता. देवयानी गुडघ्यांना चोळायची, ते.

नीलकंठरावांनी रिसीव्हर हिसकावला. "ताई… ताई, तू तर स्वतः दिलीस गं!"

पलीकडून ती मुलगी एकेक अक्षर चाचपत म्हणाली, "बोल रही हैं… 'म-ला… वि-चा-रलं… को-णी?' इसका मतलब क्या हुआ, सर?"

मला तो दिवस दिसला. मी तेव्हा नीलकंठरावांच्याच ओसरीवर होते. "ताई, उद्या लखनौला जायचंय, चार लुगडी भर," एवढंच ते म्हणाले होते. तिनं मुकाट्यानं भरली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला थोर म्हटलं.

ईशानी उठली. सुजलेल्या पायांनी भिंत धरत आली आणि वडिलांच्या हातातला रिसीव्हर घेतला.

"आत्या, मी ईशू… मला जगायचंय गं. म्हणून आता विचारते… देशील?"

वात फडफडली. तेलाचा वास इतका दाटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दीदी," ऑपरेटर हळूच म्हणाली. "कह रही हैं… 'वि-चार क-रून… सां-गते.' भेज दूँ?"

मी हो म्हणायच्या आतच ईशानीच्या ओढणीखाली पेजर थरथरला. तिनं तो पाहिलाही नाही. पाकीट फोडलं, गोळी तोंडात टाकली आणि माझ्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

सूज पुढे उतरली. रिपोर्टही सुधारले. ती आता कॉलेजात जाते, गोळ्या स्वतःहून घेते, निरोप पाठवावा लागत नाही. नीलकंठराव म्हणाले, आता तो पेजर परत करून टाकू. तर तिनं घट्ट धरून ठेवला.

"नको बाबा," म्हणाली. "उत्तर यायचंय अजून."