दाराकडे तोंड केलेलं जहाज

नोव्हेंबरातला पाऊस डेन्मार्कच्या एरो बेटावर धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो. अशाच एका चिकट सकाळी बोदिल बादली-फडकं घेऊन चर्चमध्ये शिरली, तर छताला टांगलेल्या छोट्या लाकडी जहाजाशी, शिडीवर, कुणी परका तरुण लोंबकळत होता.

“पडलात तर फरशी मलाच पुसावी लागेल,” ती म्हणाली.

“मग शिडी धरा ना... तुमचाच त्रास वाचेल.”

तिनं धरली. तिथंच चुकलं म्हणा, की जमलं म्हणा.

त्याचं नाव आस्गर. खलाशांनी देवाला वाहिलेली ही छोटी लाकडी जहाजं तपासायला, त्यांची डागडुजी करायला तो ओडेन्स शहरातून आला होता. आठ दिवस बोदिलनं त्याला सायकलवरून गावोगावच्या चर्चांत फिरवलं. तो जुन्या सुतारांचे किस्से सांगे, ती थर्मासच्या झाकणातून कॉफी पुढं करी. बोटांना बोटं लागत आणि मग दोघंही उगाच समुद्राकडे बघत बसत. तिथं धुक्याशिवाय होतं काय कपाळ!

“माझ्याबरोबर ओडेन्सला येशील?” सातव्या दिवशी त्यानं विचारलं.

तिला ‘हो’ म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

“बाबांना सोडून... नाही येता यायचं.”

“ते तर ठणठणीत आहेत. रोज चर्चची घंटा वाजवतात.”

“तुला नाही कळायचं,” ती म्हणाली आणि सायकल हातात धरून पुढं चालू लागली.

आठव्या दिवशी, त्याच्या परतीच्या बोटीच्या दिवशी, दुपारी ती चर्चमध्ये आली, तेव्हा तो शिडीवरून उतरत होता. स्वारी खुशीत होती.

“तुमचं जहाज उलटं टांगलं होतं गं! शेपूट देवाकडे, तोंड दाराकडे. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? केलं सरळ.”

 बोदिल मटकन बाकावर बसली.

“ते जहाज माझ्या भावानं बनवलंय. विलाड्सनं,” ती म्हणाली. “चार वर्षांपूर्वी तो मासेमारीला गेला. बोट आली नाही, तो आला नाही... काहीच आलं नाही. जहाजाचं तोंड देवाकडे, म्हणजे माणूस देवाघरी पोचला. ते बाबांना पटेना. त्यांनी स्वतः ते दाराकडे फिरवलं. पोरगं अजून वाटेवर आहे म्हणे. सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी बोलत नाही. अशी वाट बघणाऱ्या माणसाला एकटं टाकून मी कशी येऊ?”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर तो गेला हे माझ्याच तोंडून निघालं असतं.”

आस्गर पुन्हा शिडीवर चढला. जहाज परत दाराकडे फिरवायला हात लावणार, तोच दार वाजलं. घंटेसाठी आलेला यालमार, बोदिलचा बाप, उंबऱ्यातच थांबला. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उतर खाली,” तो शेवटी म्हणाला. “राहू दे तसंच.”

तो सावकाश पुढच्या बाकावर येऊन बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

“पोर गेलं, बोदिल.” चार वर्षांत पहिल्यांदाच तो हे बोलला. “आणि मी तुलाही दाराकडे तोंड करून बसवलं.”

बोदिल बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पोटभर रडली. बाहेर बंदरावर बोटीचा भोंगा झाला.

“तुझी बोट गेली,” डोळे पुसत ती आस्गरला म्हणाली.

“जाऊ दे.”

“रविवारी विलाड्ससाठी निरोपाची घंटा वाजवायची. त्याआधी मी कुठं यायची नाही.”

“आणि... नंतर?”

तिनं बापाकडे पाहिलं, मग वर, देवाकडे निघालेल्या त्या जहाजाकडे.

“नंतर येईन.”

आस्गरनं शिडी मिटून भिंतीला लावली. यालमारनं मान वर केली नाही.

“रविवारी जरा लवकर ये रे,” तो टोपीकडे बघत म्हणाला. “या खेपेला घंटेचा दोर मला एकट्याला नाही ओढवायचा.”