नाव न घेतलेली घागर

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. जीवराम मास्तरच्या बाबतीत घडलं. तो माझा शाळासोबती, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. म्हणून तर सांगतो. छगन, कंदील जरा बारीक कर.

साल चव्वेचाळीस. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी मास्तर एरंडोलला गेला होता. काम आपल्या ताईबाईचं. तिचा मुलगा अभिमन ब्रह्मदेशच्या लढाईवर, चौदा महिने पत्र नाही. भाऊबंद म्हणायचे, पोरगा गेला, आखाजीला त्याच्या नावानं घागर भर, नाहीतर वर्षभर तहानेला फिरेल. ताईबाई चिडायची. "जिवत पोऱ्यानी घागर भरू का मी? मन्हाच हाते मारू त्याले?"

खरंच होतं. मेलेल्याची घागर चुकली तर पाप, जित्याची भरली तर त्याहून मोठं. आणि तो कोणत्या बाजूला आहे, ते कोणी सांगत नव्हतं.

एरंडोलला एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर 'फौजी कुटुंब साह्य मंडळ' अशी पाटी होती. मास्तरची ही चौथी खेप. कारकून हसून म्हणाला, "या मास्तर! बसा."

"ताईबाईचा मुलगा जिवंत आहे का?"

"सरकार तिचं फार आभारी आहे." त्यानं छापील कागद पुढं केला.

"हे तीनदा नेलं मी. तिनं भिंतीला चिकटवलंय. मला एकच शब्द पाहिजे. आहे, की नाही."

"ते वरून कळतं. पण पुढच्या महिन्यात सत्कार आहे, लुगडं आणि नारळ. बाईंना वेळेवर आणा. मागच्या वेळी आल्या नाहीत, साहेबांना वाईट वाटलं."

मास्तर सांगतो, त्या दिवशी त्याचा हात उठायचाच राहिला. कागद खिशात कोंबला आणि निघाला.

"आबा, भूत कधी येवाव शे?"

येईल रे छगन. तुझ्यासारखं उतावळं नाही ते.

निघायला उशीर झाला होता. बीजेची कोर दिवेलागणीनंतर लगेच बुडाली. पद्मालयाकडचं रान काळं पडलं. मास्तरच्या खांद्याला पाण्याची छागळ. मनात तो कारकुनाशी भांडत चालला होता.

नाल्यापाशी एक माणूस उभा होता. खाकी कपडे, पायांत बूट.

मास्तर घाबरला नाही. तेव्हा रजेवरची पोरं येत-जात असत.

"कुठले भाऊ?"

तो माणूस छागळीकडं बघत होता.

"रजेवर आलात?"

काहीतरी बोलायचं म्हणून मास्तर म्हणाला, "तुम्हा लोकांचे आम्ही फार आभारी…" आणि जीभ चावली. कागदावरचेच शब्द.

"आभार नको," तो माणूस म्हणाला. "पानी दे."

त्यानं ओंजळ धरली. मास्तर ओतू लागला. तो प्यायला. पीतच राहिला. घोटाचा आवाज नाही. छागळ हलकी झाली… रिकामी झाली. मास्तरनं वाकून जमिनीला हात लावला. धूळ कोरडी होती.

"अजून."

"संपलं, भाऊ."

"आखाजी कधी शे?"

"उद्या."

"…उद्या."

मास्तरनं मान वर केली. रस्ता रिकामा.

"अभिमन व्हता ना, आबा?"

अभिमनला बाराखडी मास्तरनं शिकवली. पाणी ओतताना त्या माणसाचं तोंड त्यानं अगदी जवळून पाहिलं. तो अभिमन नव्हता.

ताईबाई जागीच होती. कोरी घागर कोपऱ्यात. जाऊ वच्छलाबाई सोबतीला आलेली.

"कागद उना का, मास्तर?"

"आला."

"काय लिखेल शे?"

"आभार."

ताईबाईनं तो हातातही घेतला नाही. मग मास्तरनं नाल्यावरचं सांगितलं.

"मन्हा व्हता?"

"नाही, ताईबाई."

तिनं कोपऱ्यातल्या घागरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "कोन्या तरी मायना पोऱ्या व्हताच ना."

उठली. घागर घेतली. रात्रीच भरली, पाटावर ठेवली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. अभिमनचं नाव घेतलं नाही. कोणाचंच घेतलं नाही.

वच्छलाबाई ओरडली, "बिननावनी घागर भरतस का कोनी? ज्याले-त्याले बलावशी!"

"येवू दे. मन्हा पोऱ्यालेबी कोनी पानी देतच व्हई."

दार तिनं लावलं नाही.

पहाटे मास्तर तिच्या घरी गेला. घागर जागेवर. डांगर हललेलं नाही. तडा नाही. आत थेंब नाही.

आदल्या दिवशी सारवलेली जमीन. तिच्यावर पावलं… ओली. बुटांची. लहान. मोठी. एकात एक मिसळलेली. सगळी आत आलेली.

बाहेर गेलेलं एकही नाही.

त्यांत एकच पाऊल अनवाणी होतं. ताईबाई त्याच्यापाशी बसली होती. हात जवळ नेत होती… मागे घेत होती. ओळखलं का, हे विचारायचा मास्तरला धीर झाला नाही.

वैशाखाचं ऊन दारातून आत आलं. बाकीची पावलं घटकाभरात सुकली.

ते एक दिवेलागणीपर्यंत ओलं होतं.